हँड पॅलेट ट्रकची चाकं: कोणती घ्यायची, कशी बदलायची, कशी टिकवायची

पॅलेटवर, म्हणजे लाकडी पाटावर, ठेवलेला माल थोडा उचलून हाताने ओढून न्यायची गाडी म्हणजे हँड पॅलेट ट्रक. ‘ट्रक ओढायला जड झालाय’ अशी तक्रार आली की पुष्कळ ठिकाणी पहिला संशय पंपावर जातो. सील बदललं जातं, तेल बदललं जातं आणि ट्रक होता तेवढाच जड राहतो. पंपाचं काम माल उचलण्यापुरतं असतं. फोर्क, म्हणजे पॅलेटखाली घालायचे दोन लांब दांडे, वर जात नसतील किंवा वर जाऊन आपोआप खाली बसत असतील तर पंप बघावा. ओढायला जड जाणं, एका बाजूला खेचणं, करकर, धक्के, फरशीवर पांढरे ओरखडे या सगळ्याचं मूळ खाली, चाकात असतं. तिथे वाकून कोणी बघत नाही, म्हणून हा लेख.

जळगावच्या डाळ मिल आणि चटईचे कारखाने, धुळ्याच्या अवधान एमआयडीसीतली गोडाऊन, रावेर-सावदा-यावल पट्ट्यातली केळीची पॅकहाऊस, नंदुरबारची मिरची, जिल्ह्याजिल्ह्यांतली जिनिंग: सगळीकडे ट्रक जवळपास सारखाच असतो. चाकं मात्र सारखी चालत नाहीत, कारण खालची फरशी, पाणी, धूळ आणि ऊन वेगळं असतं. दुकानात गेल्यावर आपण सांगतो, ‘अडीच टनाच्या ट्रकचं चाक द्या.’ एवढ्या माहितीवर योग्य चाक मिळणं नशिबाचा भाग आहे. ट्रक किती टनाचा, हे सगळ्यांत शेवटी सांगायचं. आधी सांगायचं ते फरशी कशी आहे आणि ती ओली असते का.

मोठी चाकं, लहान चाकं

नेहमीच्या अडीच टनी ट्रकला हँडलखाली दोन मोठी चाकं असतात, ती स्टिअरिंग चाकं. व्यास बहुतेक वेळा २०० किंवा १८० मिमी, रुंदी ५० मिमी. फोर्कच्या टोकाजवळ, पोटात लपलेली लहान चाकं म्हणजे लोड रोलर. यांचा व्यास साधारण ८० मिमी असतो. प्रत्येक फोर्कमध्ये एकच रोलर असेल तर तो एकेरी, त्याची रुंदी बहुधा ९३ मिमीच्या आसपास. एकामागे एक असे दोन असतील तर दुहेरी, त्यांची रुंदी साधारण ७० मिमी. दुहेरीमध्ये ते दोन रोलर एका झुलत्या फ्रेमवर बसवलेले असतात, त्यामुळे एक रोलर फटीत उतरला तरी दुसरा भार धरून ठेवतो.

आता वजन कुठे जातं ते बघा. माल फोर्कवर नीट मध्यावर ठेवला तरी साधारण दोन तृतीयांश ते ७० टक्के भार रोलरवर येतो, उरलेला स्टिअरिंग चाकांवर. ३० किलोच्या ४० गोण्या म्हणजे १२०० किलो, लाकडी पॅलेट आणि ट्रकचं स्वतःचं वजन धरून १३०० च्या आसपास. त्यातले नऊशे किलो रोलरवर. दुहेरी असतील तर प्रत्येकी सव्वादोनशे, एकेरी असतील तर प्रत्येकी साडेचारशे. हा हिशोब सपाट फरशीचा. उंचसखल जागी एखाद्या रोलरवर क्षणभर याच्या दुप्पट भार सहज येतो.

शिवाय लहान चाक फिरतंही जास्त. १०० मीटर अंतरात २०० मिमीचं चाक सुमारे १६० फेरे घेतं, ८० मिमीचा रोलर सुमारे ४००. भार जास्त, फेरे अडीचपट आणि जमिनीच्या कचऱ्याला सगळ्यात जवळ. म्हणून रोलर आधी जातात आणि खरेदीचा विचारही त्यांच्यापासून सुरू करायचा. स्टिअरिंग चाकं मोठी आणि डोळ्यांसमोर असतात म्हणून लोक ती आधी बदलतात. पैसे खर्च होतात आणि ट्रक हलका होत नाही.

नायलॉन, पीयू की रबर

नायलॉन कडक असतं. भाराखाली दबत नाही, त्यामुळे ओढायला हलकं जातं. तेल-ग्रीसचं त्याला काही वाटत नाही. पण धक्का ते गिळत नाही. फरशीच्या प्रत्येक सांध्याचा दणका सरळ बेअरिंगला, धुऱ्याला आणि मालाला पोहोचतो. आवाज मोठा येतो. ओल्या गुळगुळीत फरशीवर घसरतं. खाली इपॉक्सीचा लेप किंवा रंग असेल तर तो सोलून काढतं.

पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन, हा बिडाच्या, ॲल्युमिनियमच्या किंवा नायलॉनच्या गाभ्यावर चढवलेला थर असतो. रबरासारखा लवचिक, पण रबरापेक्षा चिवट. आवाज कमी, पकड चांगली, फरशी शाबूत राहते. ओढायला नायलॉनपेक्षा थोडा जड. त्याचे आजार वेगळे: गाभ्यापासून थर सुटणं, उष्णतेने मऊ होणं, भाराखाली एकाच जागी बराच काळ उभा राहिला तर चपटा डाग पडणं, आणि दमट उष्ण हवेत काही वर्षांनी चिरा जाऊन तुकडे पडणं. हा शेवटचा आजार पॉलिएस्टर जातीच्या पीयूला जास्त होतो, पॉलिइथर जातीला बराच कमी. ओल्या जागेसाठी पीयू घेताना दुकानदाराला ही जात विचारा. त्याला सांगता आली नाही तर बनवणाऱ्याकडून विचारून घ्यायला सांगा.

रबर फक्त स्टिअरिंग चाकांना ठीक. शांत चालतं, धक्का गिळतं. पण तेल लागलं की फुगतं आणि त्याचे पापुद्रे सुटतात. सरकीच्या तेलाचा किंवा पंपातून गळणाऱ्या हायड्रॉलिक तेलाचा थर जिथे फरशीवर असतो, तिथे रबराचा विचारच नको.

चारी-सहा चाकं एकाच मालाची हवीत असं काही नाही. पुढे नायलॉन रोलर आणि मागे पीयू किंवा रबराची स्टिअरिंग चाकं ही जोडी खूप ठिकाणी उत्तम चालते: भार कडक रोलर पेलतात, वळवताना पकड मऊ चाक देतं. उलट एकाच फोर्कमधल्या दोन रोलरपैकी एक नायलॉन, एक पीयू असं मात्र कधी करू नका. 

फरशी बघा

ट्रिमिक्स (जास्तीचं पाणी ओढून टणक, गुळगुळीत केलेलं) काँक्रीट, सांधे भरलेले, कोरडं गोडाऊन: नायलॉन रोलर. रोलर एकेरी असला तरी चालतं, आणि एकेरीला जागच्या जागी वळवताना त्रास कमी. डाळ मिलमध्ये ही परिस्थिती असेल तर याहून महाग काही घ्यायची गरज नाही.

शहाबादी फरशी ही आपल्याकडची खरी परीक्षा. जुन्या गोडाऊनमध्ये ती असतेच. तिच्या सांध्यातलं सिमेंट निघालेलं असतं, कडा उडालेल्या असतात. नायलॉनचा एकेरी रोलर प्रत्येक सांध्यात उतरतो आणि पुढच्या फरशीची कड फोडतच वर चढतो. महिन्याभरात फट रुंदावते, मग दणका वाढतो, मग फट आणखी रुंदावते. इथे दुहेरी रोलर हवेत, आणि पीयूचे. पण त्याआधी ज्या पट्ट्यातून ट्रक रोज जातो तेवढे सांधे तरी भरून घ्या. दोन पोती सिमेंटचा खर्च चार रोलरच्या खर्चापेक्षा कमी आहे आणि चाकापेक्षा जास्त टिकतो.

पेव्हर ब्लॉक: ८० मिमीच्या कुठल्याही रोलरला वाईटच. अगदी टाळता येत नसेल तर दुहेरी पीयू, कमी भार, सावकाश चाल. मुरूम, डांबर उखडलेलं आवार, शेताकडची वाट इथे हा ट्रक न्यायचाच नाही. त्यासाठी मोठ्या चाकांचे वेगळे ट्रक मिळतात. खडा रोलरसमोर आला की ८० मिमीचं चाक त्यावर चढत नाही, अडतं. मागून माणसं जोर लावतात आणि फ्रेमचा धुरा वाकतो.

उतार असेल तर एक आकडा लक्षात ठेवा. २० फुटांत १ फूट चढ असेल तर १००० किलोच्या मालाला फक्त चढासाठी ५० किलो जोर जास्त लागतो, आणि उतरताना तोच जोर माणसाला खाली ढकलतो. साध्या हाती ट्रकला ब्रेक नसतो. उतार असलेल्या आणि पावसाळ्यात ओल्या होणाऱ्या धक्क्यावर स्टिअरिंगला नायलॉन घालू नका, आणि ट्रकच्या खालच्या अंगाला कोणी उभं राहू नये हे पक्कं सांगा.

पाणी, चीक, रुई, दाणा आणि ऊन

केळीच्या पॅकहाऊसमध्ये फरशी दिवसभर ओली. तुरटीचं पाणी, धुतलेला चीक, पाल्याचे तुकडे. इथे चाकाच्या थराइतकंच महत्त्व बेअरिंगला आहे. बाजारात रोलरबरोबर येणाऱ्या बेअरिंगच्या नंबरापुढे झेडझेड असेल तर त्याला पत्र्याचं झाकण आहे: ते धूळ बऱ्यापैकी अडवतं, पाणी नाही. २आरएस लिहिलेलं असेल तर दोन्ही बाजूंनी रबरी सील आहे. पॅकहाऊस, कोल्ड स्टोरेज आणि जिथे फरशी रोज धुतली जाते तिथे २आरएसच हवं. फरक थोड्या पैशांचा आहे.

कोल्ड स्टोरेजवाल्यांना आणखी एक त्रास होतो, त्याचं कारण पटकन कळत नाही. १३-१४ अंशांच्या खोलीतला थंड ट्रक मे महिन्यात बाहेरच्या ४४ अंशांत आला की लोखंडावर, म्हणजे बेअरिंगच्या आतही, दव धरतं. दिवसातून दहादा हे घडलं की ग्रीस पांढरट होतं, गोळ्यांवर गंज येतो आणि वरून सुकं दिसणारं बेअरिंग आतून खडखडायला लागतं. शक्य असेल तर आतला ट्रक आत आणि बाहेरचा बाहेर असे दोन वेगळे ठेवावेत.

नायलॉन पाणी शोषून थोडं फुगतं, त्यामुळे बेअरिंगची बैठक सैल होते. सतत ओल्या जागी नायलॉन रोलरमधून बेअरिंग हाताने निघू लागलं तर हे त्याचं कारण. तिथे बिडाच्या किंवा ॲल्युमिनियमच्या गाभ्यावरचा पॉलिइथर पीयू जास्त काळ चालतो.

उन्हाबद्दल. हवा ४४-४५ अंशांवर असते तेव्हा उघड्यावरचं काँक्रीट ६० च्या वर सहज तापतं, आणि बहुतेक पीयू ७०-८० अंशांपर्यंतच भरवशाचं असतं. त्यात चाक भाराखाली फिरताना स्वतःही तापतं. म्हणून दुपारी भरलेला ट्रक आवारात उन्हात उभा ठेवला की पीयूवर चपटा डाग पडतो, आणि त्यानंतर प्रत्येक फेऱ्याला ‘टक’ असा आवाज येतो. तो डाग परत भरून येत नाही. फोर्कलिफ्टच्या किंवा ट्रॅक्टरच्या मागे दोरीने बांधून हाती ट्रक ओढण्याचा प्रकारही आवर्जून बंद करावा. ही चाकं माणसाच्या चालीसाठी बनवलेली आहेत. वेग वाढला की थर आतून तापतो आणि गाभ्यापासून सुटतो.

जिनिंगमध्ये शत्रू रुई. ती रोलर आणि फ्रेमच्या मधल्या फटीत शिरते, धुऱ्याभोवती घट्ट पिळा होतो, बेअरिंगचं सील कापते आणि शेवटी रोलर फिरायचा थांबतो. न फिरणारा रोलर घासत जातो, तापतो. रुईच्या ढिगाजवळ घासून तापलेलं लोखंड म्हणजे नुसता चाकाचा प्रश्न राहत नाही. गोण्यांची सुतळी, पॅकिंगची प्लॅस्टिक पट्टी, पॅलेटला गुंडाळायची पातळ फिल्म हे सगळं असंच वागतं. चटई आणि पाइपच्या कारखान्यात प्लॅस्टिकचा दाणा, लेथच्या खात्यात लोखंडाची बर, म्हणजे कातताना निघणारा धारदार चुरा, पीयूमध्ये रुतते. बर रुतलेलं चाक फरशीवर कानसच फिरवत जातं. अशा खात्यात नायलॉन बरं, आणि त्याहून बरं म्हणजे वाटेवर झाडू.

माप घेताना

झिजलेल्या चाकाचा व्यास मोजून नवीन मागवू नका. ८० चं चाक झिजून ७५ झालेलं असतं, आणि दुकानदार प्रामाणिकपणे ७४ चं देतो. व्यास मूळ किती होता हे ट्रकच्या पाटीवरच्या मॉडेल नंबरावरून किंवा कमी झिजलेल्या चाकावरून ठरवा. व्हर्नियर (बारीक माप घ्यायची पट्टी) घ्या आणि पाच गोष्टी कागदावर लिहा: मूळ बाहेरचा व्यास, चाकाची रुंदी, बेअरिंगसकट मधल्या भागाची लांबी (ही कधी चाकाच्या रुंदीपेक्षा जास्त असते), धुऱ्याची जाडी, आणि बेअरिंगचा नंबर.

बेअरिंगचा नंबर वाचणं सोपं आहे. शेवटच्या दोन आकड्यांना ५ ने गुणलं की आतलं भोक मिमीमध्ये मिळतं. ६२०४ म्हणजे २० मिमी भोक, बाहेरून ४७, जाडी १४. ६२०५ म्हणजे २५ मिमी, बाहेरून ५२, जाडी १५. हा नियम ०४ पासून पुढे. ६२०३ चं भोक १७ मिमी आणि ६२०२ चं १५ मिमी, हे वेगळे लक्षात ठेवायचे. लोड रोलरमध्ये ६२०४ आणि ६२०३ बरेचदा दिसतात. १७ चा धुरा आणि २० चं बेअरिंग अशी जुळवाजुळव करायला कोणी पत्र्याची गुंडाळी सुचवली तर सरळ नकार द्या. ती आठवड्यात पिळवटते आणि धुरा खाते.

मोठा रोलर घातला तर ट्रक हलका चालेल, ही कल्पना ऐकायला बरी वाटते. ८० च्या जागी ८५ चा रोलर फोर्कच्या पोटात पूर्ण आत जात नाही. फोर्क खाली केल्यावर तो वरच्या पत्र्याला घासतो किंवा फोर्क नेहमीच्या ८५ मिमीपर्यंत उतरत नाही आणि पॅलेटखाली शिरताना अडतो. उलट लहान रोलर घातला तर फोर्कचं टोक खाली झुकतं आणि फ्रेमचं लोखंड फरशीला लागतं. झिजेचंही तेच. व्यासात ६ मिमी कमी झाले म्हणजे टोक ३ मिमी खाली आलं. आमच्या मते हीच बदलायची वेळ, त्यापुढे ताणू नये.

बदलताना दोन्ही फोर्कचे रोलर एकदम बदला. एकाच बाजूचे नवे घातले की माल तिरपा उभा राहतो आणि नव्या बाजूवर भार चढतो.

खरं नायलॉन ओळखायची एक खात्रीची रीत

पांढरं चाक दिसलं की ते नायलॉन, असं नाही. पॉलिप्रॉपिलीनची स्वस्त चाकं नायलॉन म्हणून विकली जातात आणि भाराखाली काही दिवसांत दबतात. चाकाच्या आतल्या कडेवरून, जिथे फरशीला लागत नाही, चाकूने नखाएवढी कात्रण काढा. ग्लासभर पाण्यात साबणाचा एक थेंब टाका, म्हणजे कात्रणाला हवेचे बुडबुडे चिकटत नाहीत. कात्रण बोटाने पाण्याखाली दाबून सोडा. नायलॉन पाण्यापेक्षा जड आहे, ते तळाला बसतं. पॉलिप्रॉपिलीन आणि पॉलिथिन हलकं, ते वर तरंगतं. अख्खं चाक बुडवून ही परीक्षा होत नाही, आतलं बेअरिंग त्याला बुडवतंच. एका नमुन्यावर ही परीक्षा करून मग बाकीचा माल घ्यावा.

पीयू घेताना थर आणि गाभा यांच्या सांध्यावर नख फिरवा. फट लागली, किंवा अंगठ्याने दाबल्यावर कड हलली, तर ते चाक परत करा. जुन्या साठ्यातलं पीयू चिकट लागतं किंवा नखाने भुगा निघतो. न वापरलेलं असलं तरी ते गेलेलंच असतं.

रोलर बदलण्याचं काम

हत्यारं: पिन काढायचा पंच (पिनपेक्षा किंचित बारीक), अर्धा-एक किलोची हातोडी, सर्क्लिप (धुऱ्यावर अडकवलेली स्प्रिंगची रिंग) काढायचा प्लायर, लिथियम ग्रीस, चिंध्या, आणि दोन भक्कम लाकडी ठोकळे, उंची साधारण २२० मिमी. माणसं दोन.

ट्रक रिकामा करा. हँडल मारून फोर्क पूर्ण वर घ्या, म्हणजे सुमारे २०० मिमी. आता एकाने फोर्कची टोकं हाताने थोडी उचलायची, दुसऱ्याने दोन्ही फोर्कखाली ठोकळे सरकवायचे. रिकामा ट्रक ७०-८० किलोचा असतो, टोकाकडून जमतो. रोलर आता हवेत लटकतात आणि फोर्कचा भार लाकडावर असतो. नुसत्या पंपाच्या भरवशावर वर असलेल्या फोर्कखाली हात घालायचा नाही. कोणाचा धक्का चुकून फोर्क खाली उतरवायच्या लिव्हरला लागला की बोटं फ्रेममध्ये अडकतात.

धुऱ्याला अडकवणारी रोल पिन फ्रेमच्या बाजूला दिसेल. आधी तिच्याभोवतीची घाण खरवडा, गंज असेल तर गंज सोडवायचं तेल मारून पंधरा-वीस मिनिटं थांबा. पंच सरळ धरून पिन ठोका. तिरपी ठोकली की ती आतच दुमडते आणि मग ड्रिल मारावं लागतं. पिन निघाल्यावर धुरा बाजूला ठोकून काढा. रोलर खाली पडेल. दोन्ही बाजूंचे वॉशर कुठे आणि किती होते ते बघून ठेवा. सगळ्यात जास्त चूक इथेच होते. वॉशर हरवला की नवा रोलर फ्रेमला घासतो आणि पंधरा दिवसांत त्याची बाजू खाल्ली जाते.

काढलेला धुरा चिंधीने पुसून सपाट फरशीवर गडगडवा. डुलत गेला तर तो वाकलाय. बेअरिंग बसतं तिथे नखाला पायरी लागली तर तो झिजलाय. दोन्ही वेळा धुरा नवा. जुन्या धुऱ्यावर नवं बेअरिंग म्हणजे चपलेत खडा ठेवून चालणं. फ्रेमची भोकंही बघा. गोल राहिली नसून लांबट झाली असतील तर फ्रेम बदला किंवा बुश (भोकात बसणारी लहान नळी) ठोकून घ्या.

बेअरिंग वेगळं बसवायचं असेल तर जोर फक्त बाहेरच्या रिंगवर द्या. तेवढ्याच व्यासाचा सॉकेट किंवा पाइपचा तुकडा ठेवून ठोका. आतल्या रिंगवर हातोडी मारली की गोळ्यांचे ठसे उमटतात, आणि नवं बेअरिंग पहिल्याच दिवशी करकरतं. दोन बेअरिंगच्या मध्ये स्पेसरची नळी असेल तर ती न विसरता परत घाला.

धुऱ्याला ग्रीसचा पातळ हात, वॉशर, रोलर, धुरा, आणि रोल पिन नवीन. जुनी पिन परत ठोकली की ती ढिली बसते आणि वाटेत पडते. पडलेली पिन सापडते, पण तोवर धुऱ्याने फोर्कची बाजू कापलेली असते. बसवल्यावर रोलर बोटाने फिरला पाहिजे आणि बाजूला साधारण १ मिमी हलला पाहिजे. अजिबात हलत नसेल तर वॉशर जाड झाला.

स्टिअरिंग चाकासाठी पंपाच्या बाजूला ठोकळा लावा, बाहेरचं झाकण काढा, सर्क्लिप प्लायरने सोडवा, वॉशर काढा, चाक ओढून घ्या. येत नसेल तर पुलर (चाक ओढून काढायचं हत्यार) लावा. मागून हातोडी मारू नका.

जागेअभावी ट्रक आडवा पाडून काम केलं असेल तर पंपात हवा शिरू शकते. उभा केल्यावर लिव्हर ‘खाली’च्या खुणेवर धरून हँडल दहा-पंधरा वेळा वर-खाली करा, मग उचलून बघा. काम झाल्यावर फोर्क वर करून दोन्ही टोकांची उंची टेपने मोजा. तीन-चार मिमीपेक्षा जास्त फरक असेल आणि पुश रॉडला (पंपाकडून रोलरच्या फ्रेमकडे जाणाऱ्या दांड्याला) नट असतील तर तिथे जुळवून घ्या. नंतर पाचशे किलो माल ठेवून दहा-पंधरा मीटर ओढा आणि पिना पुन्हा एकदा हाताने तपासा.

रोजची आणि महिन्याची काळजी

सकाळी पहिल्या फेरीआधी फोर्क वर घेऊन टॉर्चने खाली बघायला मिनिटभर लागतं. दोरा, पट्टी, रुई दिसली तर आकड्याने किंवा कटरने काढा. काढताना बेअरिंगचं सील कापू नका. जिनिंगमध्ये सीझनला हे दिवसातून दोनदा हवं.

महिन्यातून एकदा ग्रीस गन. ग्रीस भरायचे निपल चाकावर नसतात, रोलरच्या फ्रेमच्या पिनांवर, पुश रॉडच्या टोकांवर आणि हँडलच्या वळणाजवळ असतात. दोन-तीन दाब पुरे. बाहेर आलेलं जुनं ग्रीस पुसून टाका, नाहीतर धूळ त्यालाच चिकटते आणि पुढच्या वेळी ग्रीसऐवजी वाळू आत जाते. सीलबंद बेअरिंगला बाहेरून ग्रीस लागत नाही. ते डिझेलने किंवा रॉकेलने धुवू नका, आतलं ग्रीस वाहून जातं. कॉम्प्रेसरच्या हवेने ते गरगर फिरवण्याची खोड तर धोक्याची आहे. कोरडं बेअरिंग त्या वेगाला फुटू शकतं. प्रेशरने फरशी धुणाऱ्यांनी पाण्याची धार चाकाच्या मध्यावर मारू नये.

वापरातल्या काही गोष्टी चाकाचं आयुष्य थेट ठरवतात. फोर्क पॅलेटमध्ये पूर्ण घाला, माल टोकावर पेलू नका. उचलण्याआधी रोलर पॅलेटच्या खालच्या फळीवर चढलेला नाही हे बघा. तसा असताना पंप मारला की फळी तुटते आणि धुरा वाकतो. भरलेला ट्रक जागच्या जागी वळवू नका, थोडं पुढे-मागे घेत वळवा. स्टिअरिंग चाक एका बाजूने शंकूसारखं झिजलेलं दिसतं ते याच सवयीने. काम संपल्यावर माल उतरवून फोर्क खाली करून ठेवा. शनिवारी संध्याकाळी भरून उभा केलेला ट्रक सोमवारी चपट्या चाकाने सुरू होतो.

साठा किती ठेवायचा? दुहेरी रोलरच्या ट्रकमध्ये एकूण १२ बेअरिंग असतात: रोलरमध्ये आठ, स्टिअरिंगमध्ये चार. एका ट्रकमागे रोलरचा एक पूर्ण संच, दोन जास्तीची बेअरिंग, एक धुरा, मूठभर रोल पिना आणि वॉशर पुरेसे. जिनिंगवाल्यांनी हा साठा दसऱ्याआधी घेऊन ठेवावा. नायलॉन कितीही दिवस राहतं. पीयू मात्र वर्षभराच्या गरजेपेक्षा जास्त भरू नका, आणि ते पत्र्याच्या शेडखालच्या फळीवर न ठेवता कोरड्या, सावलीच्या खोलीत, पिशवी बंद करून, खरेदीची तारीख लिहून ठेवा.